दाव्याची नोटीस आणि घराची अब्रू

गेल्या रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेत एका मित्राकडे आम्ही सातआठ जण पोह्यांना जमलो होतो. टीपॉयवर बशा, जिरावण मसाल्याची वाटी आणि मधोमध एक खाकी लिफाफा. चार महिन्यांपूर्वी अन्नपूर्णा रोडवर मित्राने उजवीकडे वळायला गाडी घातली आणि समोरून येणारा स्कूटीवाला डाव्या दारावर येऊन आदळला. त्याच्या पायाचं हाड मोडलं. आता त्या माणसाने क्लेम ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, दावा लावला आहे आणि समन्सवर मित्राचं नाव छापून आलं आहे : अनावेदक (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) क्रमांक १. लिफाफा हातोहात फिरला आणि दोन तट पडले. एक तट म्हणाला, लक्षच देऊ नकोस. हे क्लेमवाले वकील दवाखान्याच्या दारात बसलेले असतात, सगळा धंदा आहे. दुसरा म्हणाला, मधला माणूस गाठ, पन्नास हजार टेकव आणि मामला मिटव. मित्राचे वडील, वय वर्षं ८४, कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, ‘‘आपल्या घरातलं कोणी आजवर कोर्टात उभं राहिलं नव्हतं.’’ दीड तास वाद चालला. त्या दीड तासात स्कूटीवाल्याचा पाय आता कसा आहे, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. आणि समन्सवर मित्राच्या नावाखाली दुसरी ओळ होती, अनावेदक क्रमांक २, विमा कंपनी; ती ओळ कोणी वाचलीच नव्हती.

मला वाटतं, हा वाद आपण मुळातच चुकीच्या जागेवरून घालतो. अपघातानंतर समोरच्या चालकाने लावलेला दावा हा आपल्या चारित्र्यावरचा आरोप नसतो. तो हिशेब असतो. एका माणसाचं शरीर आणि रोजगार यांचं जे नुकसान झालं, ते कोणी आणि किती भरून द्यायचं, एवढाच प्रश्न ट्रिब्युनलसमोर असतो. म्हणून नोटिशीकडे पाठ फिरवणं चूक आणि परस्पर पैसे देऊन ती गाडून टाकणं त्याहून मोठी चूक. नोटीस घ्यावी, त्याच आठवड्यात विमा कंपनीला लेखी कळवावी, वकीलपत्र द्यावं, पेशीला, म्हणजे सुनावणीला, जावं आणि जे घडलं तेच सांगावं. यात अब्रू जाण्यासारखं काही नाही.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण अशा वेळी हमखास बाहेर येते. पण म्हणीतला शहाणा हा स्वतःहून भांडण घेऊन जाणारा माणूस आहे. बांधावरून, हद्दीवरून, सामाईक भिंतीवरून पिढ्यान् पिढ्या दिवाणी लढणाऱ्या घरांची राखरांगोळी ज्यांनी पाहिली, त्यांनी ती म्हण केली. समन्स आल्यावर ती कशी लागू पडेल? पायरी चढायची की नाही, हा पर्याय तेव्हा तुमच्या हातात उरलेला नसतो. तुम्ही गेला नाहीत तर प्रकरण थांबत नाही. ते एकतर्फी चालतं आणि तुमच्या नावावर निकाल लागतो. निकालात ठरलेली भरपाईची रक्कम वसूल करायची वेळ आली, तर कायद्यात ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची सोय आहे. पायरी टाळणारा तेव्हा शहाणा ठरत नाही.

हा कायदा आला कुठून, हे थोडं आठवलं तर नोटिशीची भीती बरीच कमी होते. १८५५ मध्ये इंग्रजांनी प्राणांतिक अपघातांचा कायदा केला. त्याने मृताच्या वारसांना भरपाईचा हक्क मिळाला, पण त्यासाठी दिवाणी कोर्टात, कोर्ट फी भरून, सगळं सिद्ध करत बसावं लागे. ज्याच्या घरातला कमावता हात गेला, त्यानेच आधी पैसे घेऊन या, असा तो न्याय होता. इंग्लंडने १९३० मध्ये थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा विमा, सक्तीचा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला आणि त्यातली विम्याची सक्ती १९४६ मध्ये अमलात आली. इंदूर तेव्हा होळकर संस्थानात होतं. १९५६ च्या दुरुस्तीने खास दाव्यांसाठी ट्रिब्युनलं आली. १९८२ मध्ये कोणाची चूक हे न बघता मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास काही ठरावीक रक्कम देण्याचं कलम घातलं गेलं. मग १९८८ चा आजचा कायदा. या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या वाटचालीत एकच गोष्ट हळूहळू पक्की होत गेली : रस्त्यावर वाहनं येणार, ती माणसांना लागणार, आणि ज्याला लागलं त्याचं पोट चालकाच्या खिशावर किंवा दयाबुद्धीवर अवलंबून राहता कामा नये. म्हणून तर वाहन रस्त्यावर आणण्याआधी हप्ता भरावा लागतो. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी जून २०२२ च्या अधिसूचनेत हा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये ठरला. त्याच्या बदल्यात कोणी जखमी झालं किंवा दगावलं, तर कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादा नाही; समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत. हे दर सरकार ठरवतं, त्यामुळे तुमच्यावर दावा लागला म्हणून पुढल्या वर्षी तुमचा थर्ड पार्टी हप्ता वाढत नाही. मग ज्या गोष्टीसाठी आपण दर वर्षी पैसे मोजले, तीच वापरायची वेळ आली की आपल्याला लाज का वाटावी?

परस्पर मिटवण्याबद्दल मी जे म्हणतो, ते पुस्तकातून आलेलं नाही. २०१४ मध्ये भंवरकुआं चौराह्याच्या अलीकडे माझ्या गाडीचा धक्का एका मोटरसायकलवाल्याला लागला. चूक माझी होती. बाजूच्या आरशात न बघता मी गाडी डावीकडे घेतली होती. फरशी बसवणारा कारागीर होता, तिशी ओलांडलेला. मनगट सुजलं होतं. मी त्याला दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं. तोवर दोन ओळखीचे येऊन पोचले होते. ‘‘पोलिसांत जायला नको, ले-देके निपटवून टाका,’’ ते म्हणाले. मी बारा हजार रुपये दिले, शंभराच्या स्टॅम्पवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं आणि खाली त्याची सही. डाव्या हाताने केलेली सही, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता. त्या रात्री मला शांत झोप लागली. आपण माणुसकीने वागलो, असंच मला वाटत होतं. तीन वर्षांनी सुदामा नगरातल्या एका इमारतीच्या फाटकावर तो वॉचमनच्या निळ्या शर्टात दिसला. त्याने ओळखलं, सलाम केला. रजिस्टर पुढे केलं ते डाव्या हाताने. उजवं मनगट पुरतं वळत नव्हतं. फरशी बसवणाऱ्याचं मनगट वळलं नाही तर करणी धरता येत नाही, लेव्हल लावता येत नाही. ‘‘काम सुटलं साहेब,’’ म्हणाला. आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

घरी येऊन मी हिशेब मांडला. समजा तो तेव्हा महिना बारा हजार कमावत होता. वर्षाचे १,४४,०००. वय ३१ ते ३५ असेल तर वर्षाच्या कमाईला वयानुसार कितीने गुणायचं, तो सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवून दिलेला गुणक १६, म्हणजे २३,०४,०००. कमाईची क्षमता वीस टक्के कमी झाली असं धरलं तर ४,६०,८००. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या उत्पन्नात पुढच्या वाढीसाठी चाळीस टक्के जोडायचे, हे २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं आणि जखमींच्या दाव्यांतही ते धरलं जातं. तेव्हा आजच्या सूत्राने ६,४५,१२०. दवाखान्याचा खर्च आणि वेदनेचे पैसे वेगळेच. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालानुसार अपंगत्वाची टक्केवारी नुसती डॉक्टरच्या दाखल्यावरून काढायची नसते. त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं असतं. कारकुनाचं मनगट वेगळं आणि फरशीवाल्याचं वेगळं. सहा लाखांच्या जागी मी त्याच्या हातावर बारा हजार ठेवले, आणि तेही गरज नसताना माझ्या खिशातून, कारण माझी पॉलिसी चालू होती. नुकसान त्याचं झालं आणि माझंही. फायदा झाला फक्त विमा कंपनीचा. तिला या अपघाताची कधी खबरच लागली नाही.

आणखी एक गोष्ट मिटवामिटवी करणाऱ्यांना ठाऊक नसते. मोटार पॉलिसीच्या छापील अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मालकाने चूक कबूल करायची नाही, पैशांचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. आणि आलेलं प्रत्येक पत्र, नोटीस, समन्स तिला लगेच पाठवायचं. पन्नास हजार टेकवून आपण सुटलो असं ज्याला वाटतं, त्याने आपल्याच विम्याची अट मोडलेली असते. त्या स्टॅम्पपेपरनंतरही जखमी माणूस दावा लावू शकतो आणि तसं झालं तर आपल्या हातात अट मोडल्याचा पुरावा तेवढा उरतो. आपल्या कोर्टांत तडजोडीला ‘राजीनामा’ म्हणतात. जुन्या मराठी दप्तरांतही वादी-प्रतिवादी गोतसभेपुढे, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, उभे राहताना निवाडा मान्य असल्याचा राजीनामा लिहून देत. पण तो लिहिला जाई तो गोतासमोर, दोन्ही बाजू ऐकल्या जाणार आहेत या भरवशावर. चौकात सुजलेल्या हाताने केलेल्या सहीला तो मान कसा मिळावा?

आता पहिल्या तटाचं म्हणणं. त्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. खोटे दावे होतात. दुसऱ्याच अपघातातला जखमी तिसऱ्याच गाडीच्या नावे उभा केला जातो, अपघातानंतर कित्येक दिवसांनी एफआयआरमध्ये गाडीचा नंबर उगवतो, घरात पाय घसरून पडलेला रस्त्यावरचा जखमी होतो. उत्तर प्रदेशात हे इतकं माजलं की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि अशा वकिलांवर कारवाई होत नाही म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बार कौन्सिलला फटकारलं. पण यातून ‘नोटिशीकडे लक्ष देऊ नका’ हा निष्कर्ष कसा निघतो? खोटा दावा पचतो कधी? ज्या मालकाची गाडी त्या दिवशी तिथे नव्हतीच, तो घरी बसतो तेव्हा. गाडी गॅरेजमध्ये होती त्याचं बिल, टोलची नोंद, चालक कुठे होता याची साक्ष, हे सगळं विमा कंपनीच्या वकिलाला कुठून मिळणार? ते मालकाकडेच असतं. खोट्या दाव्यांचा ज्याला खरोखर संताप आहे, त्याने तर पहिल्या पेशीला सगळ्यांच्या आधी हजर असायला हवं. आणि खोटे दावे होतात म्हणून मित्राच्या गाडीवर आदळलेल्या माणसाचं मोडलेलं हाड खोटं ठरत नाही. ते तर मित्राने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

‘चार महिन्यांत दावा ठोकला, बघा किती हावरट,’ असंही त्या दिवशी कोणी म्हणालं. हा तर निव्वळ अज्ञानाचा भाग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण कोणता वकील त्या भरवशावर अशिलाला थांबायला सांगेल? प्लास्टर निघण्याआधी माणूस ट्रिब्युनलमध्ये जातो त्याचं कारण लोभ नसतं, कॅलेंडर असतं.

मोठ्या गाडीवरच नेहमी खापर फुटतं, हा सगळ्यात जोरकस आक्षेप आहे. पुष्कळदा तसं होतंही. ठाण्यात मोटार विरुद्ध स्कूटी असं प्रकरण गेलं की गुन्हा मोटारवाल्यावर नोंदवण्याकडे कल असतो. ट्रिब्युनलमध्ये तर फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागतच नाही. अधिक संभाव्य काय वाटतं, एवढं पुरतं. पण म्हणूनच हे नीट समजून घेतलं पाहिजे की तिथे तुरुंगाचा प्रश्न नाही, पैशांचा आहे. आणि समोरच्याची चूक असेल तर तिचा वाटा भरपाईतून कापला जातो : तीस टक्के चूक त्याची ठरली, तर सत्तर टक्केच त्याला मिळतात. मात्र तो वाटा काढायचा तर मालकाने काही सांगायला हवं. रस्ता कोणाचा होता, सिग्नल काय होता, वेग किती, ब्रेकच्या खुणा कुठे, गाडीचं कोणतं दार चेपलं. अपघातस्थळाचे फोटो आणि पोलिसांचा नकाशा इथे शंभर टोमण्यांपेक्षा जास्त बोलतात. उलट, आपल्याकडे चहाच्या टेबलावर जे मुद्दे रामबाण समजले जातात, ते तिथे टिकत नाहीत. ‘ट्रिपल सीट होते, संपला क्लेम.’ नाही, तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. ‘त्याच्याकडे लायसन्सच नव्हतं.’ लायसन्स नसणं हा गुन्हा आहे, पण त्यावरून त्या क्षणी त्याची चूक होती असं होत नाही, हे २००८ पासून ठरलेलं आहे. आणि जर खरोखर चूक समोरच्याचीच असेल, तुमची गाडी चेपली असेल, तुम्हालाही लागलं असेल, तर तुम्हीही त्याच ट्रिब्युनलमध्ये त्याच्या विमा कंपनीविरुद्ध दावा लावू शकता. दार दोघांनाही उघडं आहे.

या सगळ्यात मला ज्याची खरी चीड येते, ती गोष्ट वेगळी आहे. गाडी चालवत होता सतरा वर्षांचा मुलगा आणि कागदावर नाव टाकायचं काकांचं, कारण लायसन्स त्यांच्याकडे आहे. चालक बदलणं. चांगल्या, शिकलेल्या, आरतीला पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या घरांतून हे होतं आणि सल्ला देणारे त्याला व्यवहार म्हणतात. कोर्टात उभं राहिल्याने अब्रू जाते असं मानणाऱ्यांना शपथेवर खोटं बोलल्याने ती जात नाही असं वाटतं का? शिवाय उलटतपासणीत काका गडबडले की विमा कंपनीच्या हाती आयतं कोलीत मिळतं आणि सगळा बोजा घरावर येतो.

ज्यांच्या कागदांत खोट आहे त्यांची भीती मात्र खरी आहे. हप्ता चुकला होता, चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं, चालक प्यालेला होता. विमा चालू असून अट मोडलेली असेल, तर बहुतेक वेळा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश होतो. विमाच नसेल तर सगळी रक्कम थेट मालकावर. गाडी विकली पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, नाव तुमचंच राहिलं, तरी जबाबदारी तुमची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितलं आहे. अशा माणसाला ‘घाबरू नका’ म्हणणं पोकळ ठरेल. पण लपून त्याचं तरी काय साधतं? त्याने तर चांगला वकील आधी गाठावा आणि तडजोड करायचीच असेल तर ती लोकअदालतीत करावी. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नसतं आणि रक्कम खरोखर जखमीच्या हाती पडते. तडजोडीला माझा विरोध नाही. ती अंधारात होण्याला आहे.

राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची गोष्ट इंदुरातल्या प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. मालेरावांच्या रथाखाली गाईचं वासरू सापडलं. अहिल्याबाईंनी न्याय म्हणून पोटच्या मुलाला तसंच रथाखाली घालायचा हुकूम दिला. सारथी कोणी धजेना तेव्हा लगाम स्वतः हाती घेतले. आणि तीच गाय रथाला पुन्हा पुन्हा आडवी आली, म्हणून तो आडा बाजार. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण आपण ती नेहमी राणीच्या करारी न्यायासाठी सांगतो आणि गाय विसरतो. लहानपणी आजीकडून ऐकताना मलाही रथच दिसायचा. आज मला गाय दिसते. जिचं गेलं, तिला सूड नको होता. अपघात म्हटला की आपल्या डोक्यात अजून तो रथ फिरतो : कोण दोषी, कोणाला शिक्षा, कोणाचं नाक कापलं गेलं. म्हणूनच एक बाजू पळते आणि दुसरी बाजू पैसे फेकून तोंड चुकवते. दावा लावणारा माणूस रथ जुंपायला आलेला नसतो. त्याचं जे गेलं, त्याबद्दल तो विचारायला आलेला असतो.

हे सगळं मी त्या रविवारी एवढ्या सरळ बोलू शकलो नव्हतो. मी फक्त समन्स उचललं, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि फरशीवाल्याची हकीकत सांगितली. मित्र गप्प बसून होता. सोमवारी त्याने विमा कंपनीच्या कार्यालयात समन्सची प्रत दिली, पोच घेतली आणि संध्याकाळी मला फोन केला. पेशी पुढच्या महिन्यात आहे. मी त्याच्यासोबत जाणार आहे. आरसी, लायसन्स, पॉलिसी, चेपलेल्या दाराचे फोटो, सगळं त्याने त्याच खाकी लिफाफ्यात घालून ठेवलंय. फोन ठेवताना त्याने विचारलं, ‘‘तो स्कूटीवाला तिथे येईल ना? त्याच्याशी बोललेलं चालतं का? पाय कसा आहे, एवढंच विचारायचंय.’’

मी म्हटलं, चालतं.